ताण मिटण्याची वाट न पाहता

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशकाच्या कानावर सगळ्यांत जास्त पडणारं वाक्य म्हणजे, ‘एवढं टेन्शन मिटू द्या, मग सोडतोच.’ टेन्शन कुठलंही असो. सोयाबीनला भाव मिळाला नाही, कंपनीने घरी बसवलं, मुलीचं लग्न तोंडावर आलं, भावकीचा दावा कोर्टात पडून आहे. बोलणारा थापा मारत नसतो. दारू ताणामुळे लागली, ताण गेला की तीही आपोआप जाईल, असं त्याला मनापासून वाटत असतं. घरच्यांनाही ते पटलेलं असतं. ‘आधीच त्याच्या डोक्याला इतका ताप, त्यात आता हे कशाला काढायचं,’ असं म्हणत बायको, आई, थोरला भाऊ विषय पुढे ढकलतात. या कामात काळ जात गेला तसं माझं मत मात्र उलट दिशेने पक्कं होत गेलं. उपचाराची सर्वांत जास्त गरज ताणाच्या काळातच असते, आणि त्या काळात झेपतील असे उपचार आज हाताशी आहेत. ते थोडक्यात होतात, घराजवळ होऊ शकतात आणि जन्मभराच्या शपथेआधी आजच्या संध्याकाळचा विचार करतात. हे मी नुसत्या कळकळीपोटी म्हणत नाही, म्हणून त्यामागचे पुरावे आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप दोन्ही इथे मांडतो.

दारूने ताण कमी होतो हे खोटं आहे का? नाही, आणि एवढं मान्य केल्याशिवाय पिणाऱ्याशी बोलणं सुरूच होत नाही. मेंदूतलं गाबा नावाचं रसायन मज्जापेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. म्हणून पहिल्या पेगनंतर खांदे सैल होतात, डोक्यातला भुंगा थांबतो. पण रोज असं दाबलं गेलेला मेंदू तोल साधण्यासाठी स्वतःची चेतना वाढवून ठेवतो, आणि दारू उतरली की ही वाढलेली चेतना मोकळी सुटते. रात्री अकराला पडलेला माणूस तीनला टक्क जागा होतो, छाती धडधडते, सकाळी हातापायात त्राण नसतं आणि कालचीच चिंता दुपटीने समोर उभी राहते. मग तीच चिंता संध्याकाळच्या बाटलीचं कारण ठरते. अमेरिकेत सँड्रा ब्राउन आणि मार्क शकीट यांनी दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या 191 पुरुषांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध केला. दाखल होताना त्यांतल्या 42 टक्के लोकांमध्ये दखल घ्यावी इतकं नैराश्य होतं. दारू बंद होऊन चौथा आठवडा लागला, तेव्हा हे प्रमाण 6 टक्क्यांवर आलं होतं. चार आठवड्यांत त्या सगळ्यांच्या नोकऱ्या, कर्जं, मोडलेली घरं सुरळीत झाली असतील असं कुणी म्हणणार नाही. अडचणी तशाच होत्या. दारूने त्यांवर चढवलेला बोजा उतरला होता. ‘आधी टेन्शन, मग दारू’ हा क्रम मला मान्य नाही त्याचं मोठं कारण हे आहे. ताणाचा किती भाग परिस्थितीचा आणि किती बाटलीचा, हे बाटली चालू असताना ना पिणाऱ्याला कळतं ना डॉक्टरला.

याचा अर्थ परिस्थितीचा ताण दुय्यम आहे असा नाही. येल विद्यापीठातल्या रजिता सिन्हा यांनी उपचार घेऊन दारू थांबवलेल्या लोकांना त्यांच्याच आयुष्यातल्या तणावाच्या प्रसंगाचं वर्णन ऐकवलं, तेव्हा बाटली समोर नसतानाही त्यांची तलफ उसळली. आणि ज्यांची तलफ अशी जास्त उसळत होती ते पुढे लवकर घसरले. म्हणजे ताणाशी कसं वागायचं हे शिकवल्याशिवाय नुसतं पोट आणि रक्त दारूमुक्त करून माणूस घरी पाठवणं अपुरं आहे. पण हे शिकायचं कधी? सगळं सुरळीत चाललेलं असताना, चार भिंतींच्या आत बसून ते पुरतं शिकता येत नाही. हप्ता चुकलेला आहे, फोन वाजतोय, अशा वेळीच ते अंगी बाणतं.

मात्र ‘थांबू नका, आजच सुरू करा’ हे सांगताना एक गोष्ट आधी सांगावी लागते, नाहीतर आपलाच सल्ला जिवावर बेतेल. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली आणि दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. ती उघडायला 4 मे उजाडला. रोज पिणाऱ्या लाखो माणसांची दारू कुठल्याही तयारीविना तुटली. केरळमध्ये काही जणांनी जीव दिला. तिथल्या सरकारने 30 मार्चला डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, आणि 2 एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बंगळुरूच्या रुग्णालयांत फिट येणं, भ्रम होणं अशा गंभीर अवस्थेतले रुग्ण त्या दिवसांत वाढल्याची नोंद मनोविकारतज्ज्ञांनी केली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, पुन्हा निर्बंध असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळाली नाही म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसं मेली. ज्यांना ‘मनात आणलं तर सुटते’ असं वाटतं त्यांनी हा काळ आठवावा. दारूवर शरीर अवलंबून असलेल्या माणसाची दारू अचानक तुटली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बडबड, ताप, माणूस न ओळखणं सुरू झालं तर ती वेळ रुग्णालयाची असते. तिथे झटके रोखणारी औषधं हळूहळू कमी करत देतात आणि थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व टोचतात. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून भागत नाही; थायमिनच्या आधी ग्लुकोज गेलं तर आधीच उपाशी असलेल्या मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. बाकी सगळं बोलणं, समजावणं याच्या नंतर.

तेव्हा समुपदेशकाचं पहिलं काम माणूस कुठल्या पायरीवर आहे हे ओळखण्याचं. ‘किती घेता?’ या प्रश्नाला ‘थोडीशी, अधूनमधून’ हेच उत्तर येतं, त्यामुळे तो प्रश्न असा विचारण्यात अर्थ नाही. नव्वद की क्वार्टर? एकदाच की पुन्हा? इंग्लिश, देशी की हातभट्टीची? काल घेतली होती का, परवा? असं सरळ, आवाजात आरोप न आणता विचारलं की उत्तरं मिळतात. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये मद्यार्क साधारण 42.8 टक्के असतो, म्हणजे 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टरमधून सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. ‘एकच क्वार्टर’ म्हणणाऱ्याला हा आकडा कागदावर मांडून दाखवला की तो स्वतःच गप्प होऊन बघत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, 40 गुणांची. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं, 20 आणि पुढे तर अवलंबित्वाची दाट शक्यता. तिच्यातला सहावा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: आदल्या दिवशी खूप प्यायल्यावर सकाळी उभं राहण्यासाठी घोटभर घ्यावी लागते का? ‘हो’ म्हणताना माणूस नजर खाली घालतो, पण बहुधा खरं सांगतो. ते उत्तर ‘रोज’ असेल, सोबत हाताला कंप असेल, तर गप्पा थांबवून आधी डॉक्टर.

अशी शारीरिक पकड नसलेल्या, पण ताणापायी पिणं वाढत चाललेल्या माणसांची संख्या खूप मोठी आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांच्याबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला. ‘संगत’ संस्थेने विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या 377 पुरुषांवर चाचणी घेतली. ऑडिटवर 12 ते 19 गुण मिळालेले हे लोक होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक, सामान्य लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात 26 टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले एका बाजूला 42 टक्के, दुसऱ्या बाजूला 18. वर्षाने पुन्हा पाहिलं तर धोक्याच्या रेषेखाली आलेल्यांचं प्रमाण 54 आणि 32 असं होतं. ‘चार वेळा बोलून काय होणार, तो परिणाम टिकणार थोडाच,’ असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे दोन आकडे पाहावेत. चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यात स्त्रिया नव्हत्या, 20 आणि पुढे गुण असलेले नव्हते, आणि तीन महिन्यांच्या टप्प्यावर जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण फारसं घटलेलं दिसलं नाही.

त्या बैठकांत होतं काय? पहिल्यांदा माणसाला त्याच्याच पिण्याचं चित्र दाखवतात आणि त्याला काय करायचंय हे त्याच्याच तोंडून येऊ देतात. या पद्धतीचा पाया विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये घातला. उपदेश केला की माणूस पिण्याची बाजू लढवू लागतो, आणि आपल्याच तोंडचं बोलणं आपल्याला जास्त पटतं. म्हणून सोडण्याची बाजू त्याला बोलू द्यायची, हे तिचं मर्म. ताणाने आधीच पिचलेल्या, चिडलेल्या माणसाला हे विशेष लागू पडतं. अमेरिकेत 1726 रुग्णांवर झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’मध्ये ही पद्धत, ताण आणि तलफ हाताळण्याची कौशल्यं शिकवणारी पद्धत आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांकडे नेणारी पद्धत अशा तिन्हींची तुलना झाली. एकूण निकाल जवळपास सारखे लागले. पण राग जास्त असलेल्या रुग्णांना मिलर यांच्या पद्धतीचा फायदा अधिक झाला, हे त्या अभ्यासातल्या, टिकून राहिलेल्या मोजक्या निरीक्षणांपैकी एक आहे. आमच्याकडे येणाऱ्यांचा राग सरकारवर, मालकावर, भावावर, नशिबावर असतो. त्यात आम्ही आमचा एक उपदेश वाढवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यापुढच्या बैठका संध्याकाळच्या असतात, म्हणजे विषय संध्याकाळचा असतो. एका साध्या वहीत माणूस नोंद ठेवतो: मंगळवार, सव्वासात, एक क्वार्टर, एकटाच, त्याआधी सोसायटीच्या सचिवाचा वसुलीचा फोन, दुपारपासून पोटात काही नाही. आठवडाभराची वही समोर ठेवली की ताण नावाची अवाढव्य गोष्ट चार-पाच ठरावीक क्षणांत वाटली जाते, आणि क्षणांवर इलाज करता येतो. साडेसहाला भाकरी खायची, कारण रिकाम्या पोटी तलफ चढते. वसुलीचे फोन सकाळीच, घरातलं कुणी शेजारी बसलेलं असताना घ्यायचे. बाजाराच्या दिवशी दुकानावरून जाणारा रस्ता टाळायचा आणि खिशात बेताचेच पैसे ठेवायचे. तलफ आली की ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कुणापाशी, कुठे घालवायचा हे आधीच ठरवून ठेवायचं. मित्राने ग्लास पुढे केला तर काय बोलायचं याचा सराव बैठकीतच, मोठ्याने करायचा. ‘आज नको, डॉक्टरने बंद केलीय’ एवढं वाक्य अवघडलेपणा न दाखवता म्हणायला मोठ्या माणसाला किती श्रम पडतात, हे समोर बसल्यावाचून कळत नाही. ध्येयही आवाक्यातलं ठेवतो. गटारी साजरी करून अख्खा श्रावण कोरडा काढणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत. ठरावीक मुदत, घरदाराची आणि आळीची साथ, विचारणाऱ्याला द्यायला एक सन्मानाचं कारण, या तिन्ही गोष्टी जुळल्या की थांबणं सोपं जातं. श्रावण पाळता येतो म्हणून आपण व्यसनी नाही असा त्यातून निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे; पण श्रावण पाळताना जे जमलं ते आश्विनात, भाव पडलेले असताना, कसं जमवता येईल हा विचार फार उपयोगाचा असतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कर्जबाजारी माणसाला वही देणं म्हणजे त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच मनावर टाकणं नव्हे का? पिकाला भाव द्या, थकलेला पगार द्या, दारू आपोआप कमी होईल. या आक्षेपातली कळकळ मला मान्य आहे, आणि भाव व पगार मिळालेच पाहिजेत. पण भाव मिळेपर्यंत त्या माणसाने काय करायचं याचं उत्तर त्यात नाही. शिवाय पिणं चालू असताना परिस्थितीशी लढण्याची ताकदच कमी होते. पंचनाम्याच्या दिवशी तो घरी सापडत नाही, कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज मुदतीत जात नाही, कामावरच्या तक्रारीत त्याची बाजू ‘तो पितो’ या एका वाक्याने निकाली निघते. चांगल्या समुपदेशनात म्हणून अडचणींची यादी असते: बँकेचं किती, सावकाराचं किती, यातलं या आठवड्यात काय हलवता येईल, त्यासाठी कुठला कागद लागतो. जे या आठवड्यात हलणार नाही ते बाजूला लिहून ठेवायचं. ताण परिस्थितीचा आहे हे मानूनच हे काम चालतं.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं वरवरचं आहे, खरा उपचार म्हणजे दाखल करणं. दाखल होण्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी किती घरं सावरली हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि अवलंबित्व खोल असेल तर तोच मार्ग. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूबाबत मदतीची गरज असलेले लोक सुमारे 5.7 कोटी आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळणारा 180 मागे एक. सुगीच्या दिवसांत, नोकरी जायची टांगती तलवार असताना, काही आठवडे घर सोडणं कितींना शक्य आहे? दाखल होणं हाच एकमेव दरवाजा ठेवला तर बाकीच्यांनी आणखी बिघडायची वाट पाहायची, एवढंच उरतं. सामान्य माणसाच्या हाती समुपदेशन देणं जोखमीचं आहे, या शंकेत तथ्य आहे. म्हणूनच गोव्यात बैठका ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्यांनी तपासल्या, नियमित देखरेख ठेवली. ती देखरेख काढून टाकली आणि नुसतं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन कुणालाही खुर्चीत बसवलं, तर मी स्वतः विरोध करीन.

घरच्यांचं काय, हा आक्षेप नाही पण रोजचा प्रश्न आहे. तो तयारच नाही म्हणतो, मग आम्ही काय करायचं? ताणाच्या दिवसांत घरचे दोन टोकांना जातात: एक तर सांभाळून घेतात, कामावर खोटं कारण कळवतात, उधारी फेडतात, नाहीतर भांडण आणि अबोला. 1999 मध्ये मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी 130 नातेवाइकांवर तीन पद्धती पडताळल्या. शुद्धीत असतानाच्या वागण्याला दाद द्यायची, पिण्याचे परिणाम झाकायचे नाहीत, योग्य क्षणी उपचाराचं नाव काढायचं आणि स्वतःच्या जिवाची काळजी घ्यायची, असं ज्यांना शिकवलं त्यांच्यापैकी 64 टक्के नातेवाइकांचा पिणारा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून त्याला तोंडावर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, त्याचं महत्त्व यातून उमगावं. आणि एक गोष्ट कळवळून सांगतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून भाजीत गोळी कालवू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून त्याने दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. नाल्ट्रेक्झोन, अकाम्प्रोसेट ही तलफ आणि बेचैनी कमी करणारी औषधंही आहेत, आणि बोलण्याच्या उपचारांना ती जोड देतात.

घसरण होतेच. ताणाच्या काळात तर ती धरूनच चालावं, म्हणून शेवटची बैठक तिच्यासाठी राखलेली असते. दोन महिन्यांनी एका रात्री प्यायलो, आता सगळं संपलं, असं म्हणून पुढचे पंधरा दिवस पिणारा माणूस त्या एका रात्रीमुळे बुडत नाही, ‘सगळं संपलं’ या समजुतीमुळे बुडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला फोन करायचा ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. जवळ कुणीच नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, आणि त्यावर मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते. दुष्काळाच्या, मंदीच्या, कारखाना बंद पडल्याच्या वर्षी त्याच टेबलावर ऑडिटचे दहा प्रश्न विचारायला दहा मिनिटांहून कमी वेळ लागतो. ज्याचे गुण 12 ते 19 मध्ये येतील त्याला तिथेच, त्याच आठवड्यात, बोलायला बसवणारा एक प्रशिक्षित माणूस आणि त्या माणसावर देखरेख ठेवणारा एक तज्ज्ञ, एवढी सोय प्रत्येक तालुक्यात झाली पाहिजे अशी माझी मागणी आहे.